सासऱ्यांच्या विहिरीचा कठडा

आधी हातातला कप खाली ठेवा, मग सांगतो मी भर कॉलेजात काय करून बसलो ते.

समुद्रपूर तालुक्यातल्या विहिरींचं पाणी मोजणं ही माझी नोकरी. टेप सोडायचा, आकडा वहीत लिहायचा. बारा वर्षांच्या त्या वह्या माझी पुतणी वैशाली इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला घेऊन गेली. परीक्षेच्या दिवशी तिनं मलाही बोलावलं.

"मोठेबाबा, हे डोक्यावर घाला. तुमचे आकडे दिसतीन."

आकडे काय दिसायचे? पण डोळे झाकणारा तो जड टोप घातला आणि अख्खा तालुका माझ्या पायाखाली! जमीन काचेसारखी, तिच्यात माझ्या सगळ्या विहिरी, प्रत्येकीत निळं पाणी. मान वळवली की गिरडची टेकडी. उन्हाळा आला की पाणी खाली, पावसाळ्यात वर. माझ्या रुक्ष वह्यांत हे सगळं होतं?

आमच्याकडे विहिरीवर चपला घालून चढत नाहीत. मी चपला काढल्या, वाकून कठड्यावर हात टेकला. कठडा कुठला? हातात आलं परीक्षकांचं टेबल. त्यांचा पाण्याचा ग्लास आडवा.

तेवढ्यानं भागलं असतं. पण सासऱ्यांच्या विहिरीतलं पाणी शेजारच्या विहिरींपेक्षा खूप खाली दिसलं.

"हे चूक आहे. या विहिरीचं पाणी एवढं खाली कधी गेलंच नाही. यंत्र खोटं सांगून राह्यलं."

"मोठेबाबा," वैशाली कानाशी म्हणाली, "काऊन माह्ये मार्क घालवता?"

परीक्षकांनी वह्या मागवल्या. अक्षर माझंच. सहा वर्षांपासून त्या एकाच विहिरीचा आकडा तीन फुटांनी जास्त.

"त्या वर्षी काय झालं होतं, काका?"

बैल पडता पडता वाचला म्हणून सासऱ्यांनी कठडा तीन फूट वाढवला होता. कठड्यावरून मोजायचं आणि त्याची उंची वजा करायची, हा आमच्या कामाचा पहिला धडा. मी जुनीच उंची वजा करत राहिलो.

"सहा वर्षं लपलेली चूक दोन मिनिटांत दिसली," परीक्षक वैशालीला म्हणाले. "अजून काय दाखवशील, पोरी?" पोरगी पहिली आली.

माझी बायको तेव्हा दर खेपेला विचारायची, "बाबानं कठडा वाढवला, ते वजा केलं काय जी?"

मी म्हणायचो, "तुले काय समजते त्यातलं?"

तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी तिच्या फोटोसमोर बसून सगळे तीन-तीन फूट वजा केले. बसण्याआधी चपला काढाव्या लागल्या नाहीत. त्या कॉलेजातच राहिल्या होत्या.