खबर देणाऱ्याचा रकाना

नोंदणी कचेरीच्या तळघरात बसणाऱ्या त्या कारकुनाला सगळे 'पणजोबा' म्हणायचे. स्वतःला ना बायको ना पोर, पण लोकांचे पणजोबा शोधून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आलेल्याला आधी दटावायचा, "नुसतं मेलेल्याचं नाव काय बघता? शाळेचे दाखले बघा, जुन्या मतदार याद्या बघा. आणि मृत्यूच्या नोंदीत खबर देणाऱ्याचा रकाना बघा! शेवटी जवळ कोण होतं, ते तिथं कळतं."

स्वतः मात्र तो कित्येक वर्षं थोरल्या बहिणीला शोधत होता. वडिलांशी कडाक्याचं भांडून ताई घराबाहेर पडली; पुढं कुणाशी लग्न केलं, देव जाणे. सासरचं आडनावच माहीत नाही, तर शोधणार काय, कपाळ! तरी रोज दुपारी एका हातात पोळी धरून तो माहेरच्या आडनावानं याद्या चाळायचा. ताई भेटावी, पोटभर रागवावी, एवढंच त्याला हवं होतं.

एक दिवस जुन्या नोंदी संगणकात भरणाऱ्या बाईंनी हाक मारली, "पणजोबा, हे तुमचे वडील ना? खबर मुलीनं दिलीय."

"छे हो! शेजाऱ्यांनी दिली असणार."

वडील गेले तेव्हा तो नोकरीसाठी परगावी होता. पोचला तिसऱ्या दिवशी. ती नोंद त्यानं कधी उघडलीच नव्हती. तारीख पाठ होती, मग बघायचं कशाला? जगाला शिकवणारा शहाणा! रकान्यात ताईची सही होती, सासरच्या आडनावासकट.

त्याला रडूच फुटलं. "बाई, या आडनावानं बघा ना. मतदार यादीत हं. मृत्यूचं नको."

यादीत ताई होती. पत्ता कचेरीपासून दोन गल्ल्यांवर. पण तीन वर्षांपूर्वी नाव कमी झालेलं. बाई उठल्या आणि त्या वर्षाची मृत्यूची वही घेऊन आल्या.

खबर देणारा घरमालक होता. अक्षर पणजोबाचं. त्या आठवड्यात वर नोंदी घेण्याच्या खिडकीवर तोच बसला होता. ताईच्या नावाच्या बायका गल्लोगल्ली, त्यात आडनाव अनोळखी; त्यानं मान वर करूनही बघितलं नव्हतं. 'जवळचे नातेवाईक' यापुढं आपल्या वळणदार अक्षरात लिहून टाकलं होतं, 'कोणी नाही'.

उभा जन्म या वह्यांत काढलेल्या त्या माणसानं बाईंना विचारलं, "हे खोडता येतं का हो?"