मडक्यातली वीज

"तार कुठं गेली ते बघ." बंद पडलेली मोटर बाकावर आली की अण्णांचं पहिलं वाक्य हे. बोलताना ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहायचे. हा माणूस एका जागी स्वस्थ बसलेला मी पाहिला नाही. चहासुद्धा चालत प्यायचे.

नव्वदच्या दशकात हुबळीत, गोकुळ रोडवरच्या मोटर रिवाइंडिंगच्या कारखान्यात आम्ही बरोबर काम करत होतो. अण्णा अळनावरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, सातवी शिकलेले. जळालेल्या मोटरचा वास घेऊन कुठलं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, गेलंय ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं सगळं शिक्षण हातांत असतं.

एका रविवारच्या पेपरात त्यांनी वाचलं की इराकात जमिनीतून फार जुनं मडकं निघालंय. आत तांब्याची नळी, नळीत लोखंडी सळी. त्या काळचे लोक यातून वीज काढत असतील का, असा प्रश्न खाली विचारला होता. सोमवारी अण्णा कमरीपेठेतून मडकी घेऊनच कामावर आले. तांब्याचा पत्रा आमच्याच भंगारातला. आत चिंचेचं पाणी ओतलं, मीटर लावला. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढं गेला.

अण्णा दारापर्यंत जाऊन परत आले. "नुसती चिंच आहे रे," ते हळू म्हणाले.

सात मडकी एकापुढे एक जोडली तेव्हा तांबडा एलईडी मिणमिणला. मालकांनी तो पाहिला आणि ते खूश झाले. धारवाडच्या एका मंडळाचे ते अध्यक्ष होते. "आपल्या पूर्वजांकडे वीज होती हे लोकांना दाखवू," म्हणाले. सभा ठरली, पत्रकं वाटली गेली.

त्यानंतर अण्णा आणखीच बेचैन झाले. जेवणाचा डबा अर्धा टाकून उठायचे. "मडकं वीज देतं, कबूल. पण त्यांनी ती नेली कुठं? तार सापडलीय का? एखादा दिवा?"

"अण्णा, दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. "दिवा लावा, नमस्कार करा, खाली उतरा."

सभेत दिवा लागला, टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "म्हणजे त्यांच्या घरी पंखे होते का?" लोक हसले. अण्णा हसले नाहीत. कन्नडमध्ये म्हणाले, "मडक्यात वीज होते, ते मी दाखवलं. जुन्या लोकांनी ती केली होती का, मला माहीत नाही. तार मिळालेली नाही. तार बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला मोटर चालू आहे असं सांगत नाही."

मालकांनी माइक घेतला आणि आभार मानले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. पेपरला द्यायचा मजकूर टाइप करून ठेवला होता: प्रयोगानं सिद्ध झालं. खाली अण्णांची सही हवी होती.

अण्णा खोलीत दोन फेऱ्या मारून थांबले. "ही सही मी करणार नाही."

मालक माझ्याकडे वळले. "तू होतास ना तिथं? सिद्ध झालं की नाही?"

माझी दोन मुलं शाळेत होती. मी म्हणालो, "मी मागं बसलो होतो. नीट ऐकू आलं नाही."

अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बस्स.

मालकांनी त्यांना काढलं नाही. गोदामात खुर्ची दिली आणि दिवसभर तिथं बसायला सांगितलं. अण्णा एक आठवडा बसले. मग हत्यारं पिशवीत भरून गावी गेले आणि शेतावरचे पंप दुरुस्त करू लागले.

सात-आठ वर्षांनी हुबळीच्या बसस्टँडवर भर दुपारी भेटले. बारीक झाले होते. शेजारी वहिनी. "बदामीला चाललोय," म्हणाले. "लेण्यांच्या छताला दिव्यांची काजळी आहे का बघतो. आत अंधारात कोरलं कसं, ते कळायला पाहिजे."

"अण्णा," मी म्हणालो, "त्या दिवशी मला सगळं ऐकू आलं होतं."

"मला ठाऊक होतं की. होगली बिडरी, जाऊ दे." बस लागत होती, त्यांचं लक्ष तिकडं. "काजळी दिसली तर कळवतो तुला."

कळवलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले, आणि मला समजायला महिना लागला. मी अळनावरला गेलो. वहिनींशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून बदामीचं विचारलं.

"दिवसभर मान वर करून फिरले," वहिनी म्हणाल्या. "एका कोपऱ्यात काळं दिसलं. पण ते तेव्हाचं, की मागाहून कुणी चूल पेटवली त्याचं, ते कळेना. तुम्ही आलात तर तसंच सांग म्हणाले होते. काळं आहे, पण नक्की नाही."

एवढं सांगून त्या माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.