धावत्या गाडीतली रेघ

दुष्काळाच्या वर्षांत उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दवाखान्याचं नेटवर्क एक बाई सांभाळायची. बिघडलेल्या वायरीलाही ती विचारायची, "काय झालं गं बाई?"

ॲम्ब्युलन्समधलं यंत्र रुग्णाच्या हृदयाच्या ठोक्यांची रेघ दवाखान्यात माझ्या पडद्यावर पाठवायचं. पण वाटेत नेटवर्क बदललं की यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता बदलायचा आणि रेघ गायब व्हायची. रेघ कुठं तुटते ते बघत ती बाई स्वतः त्या गाडीतून उन्हातान्हात फर्दापूरपर्यंत फिरली.

"डॉक्टर, गाडी कुठंबी जाऊ द्या, पत्ता आता एकच राहील," यंत्राची जोडणी बदलून ती म्हणाली.

पुढं एकदा सिल्लोडजवळ गाडीतल्या म्हाताऱ्याचं हृदय अडखळलं. मला ते इथं पडद्यावर दिसलं. मी फोनवरून सांगितलं तसं गाडीतल्या नर्सनं इंजेक्शन दिलं. तो वाचला आणि आमच्या दवाखान्यात पोचला.

थक्क होऊन मी नेटवर्कवाल्या बाईला सांगायला धावलो.

"आजोबांना बघू द्याल का मला?" तिनं हळूच विचारलं.

मी तिला घेऊन गेलो आणि आजोबांच्या खोलीचं दार उघडून धरलं.