मांजरीच्या स्लॅबवरची सही

“सही कोणाची आहे?” हवालदारानं विचारलं, आणि माझी सून म्हणाली, “माझी.”

मी तिचा हात मागून ओढला, पण तोवर तिचं बोलून झालं होतं. हडपसरच्या एका दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर आम्ही उभ्या होतो. आत जवळच्या मांजरी गावातल्या साइटवरचा सेंट्रिंगवाला होता, स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा. दुपारी त्याच्या अंगावर ओला स्लॅब कोसळला होता. त्या इमारतीच्या नकाशावर इंजिनिअर म्हणून माझ्या सुनेची सही होती आणि सहीखाली तिचा महापालिकेचा लायसन नंबर.

हवालदार वयस्कर होता. आवाज चढवत नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. तो म्हणाला, “मॅडम, आज नुसतं नाव लिहून घेतो. माणूस जगला तर कलम वेगळं लागतं, गेला तर वेगळं. आपण शहर सोडून जाऊ नका.”

“कुठं जाणार ती?” मी म्हटलं. “घरी कणीक मळायची राहिली आहे.”

“आजी, तुम्ही बसून घ्या.”

बसले.

मी चौथी शिकलेली. लायसन गाडीचं असतं, एवढंच मला माहीत होतं. सून घरात आल्यावर तिनं सांगितलं की नुसती डिग्री असून इमारतीच्या कागदावर सही करता येत नाही. आधी काम करून अनुभव दाखवायचा, मग महापालिकेत नाव नोंदवायचं, मग नंबर मिळतो. तोही काही वर्षांनी पुन्हा करून घ्यावा लागतो. इमारत उभी राहिली की पाटीवर बिल्डरचं नाव मोठं. पडली की आधी नंबर कोणाचा ते बघतात. मी तेव्हाच तिला म्हटलं होतं, त्यापेक्षा शाळेत बाई झाली असतीस तर बरं होतं, फळा पडून कोणी मरत नाही. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नव्हती.

स्लॅब भरायचा असला की ती आधी साइटवर जायची. वर चढून सळई बघायची, खाली उतरून टेकू हलवून बघायचे, मग ‘भरा’ म्हणायचं. तिनं म्हटल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. हल्ली बरेच जण हे काम फोनवर उरकतात. साइटवरचा सुपरवायझर फोटो पाठवतो, इंजिनिअर बसल्या जागी ‘ओके’ लिहितो. ती तसं करत नसे. त्या दिवशी केलं. सकाळपासून ती महापालिकेत बसली होती, लायसनच्याच नूतनीकरणासाठी. साहेब जागेवर नव्हते आणि उठून गेलं तर रांगेतला नंबर जाणार होता. तिकडे काँक्रीटच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. काँक्रीट थांबत नाही, घट्ट होतं. तिनं सुपरवायझरनं पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. सळई बरोबर बांधलेली होती. तिनं लिहिलं, ‘ओके, भरा.’

सळई खरंच बरोबर होती. पण टेकू उभे केले होते मातीच्या नव्या भरावावर, आणि तो नीट दाबलेला नव्हता. वजन आलं तसा भराव खचला, टेकू सटकले, सगळं खाली आलं. स्लॅब भरताना सेंट्रिंगवाल्यांपैकी एक जण खाली थांबतो. एखादा टेकू ढिला झाला तर त्यानं पाचर ठोकायची असते. खाली हा होता.

माझा मुलगा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. मोबाइल गेटवर जमा करून आत जावं लागतं, त्यामुळे शिफ्ट सुटेपर्यंत त्याला काही कळणार नव्हतं. म्हणून ती महापालिकेतून घरी आल्यावर साइटवरून फोन आला, तेव्हा येरवड्याहून रिक्षात तिच्याबरोबर मी बसले. वाटेभर ती एवढंच म्हणत होती, “मी खाली उतरून बघितलं असतं.” शेवटी मी म्हटलं, “नाही बघितलंस. आता गप्प बस.”

हवालदार चहाला गेला आणि तिचा फोन वाजला. ज्यांच्या हाताखाली ती शिकली ते सर होते. ती बाकावर माझ्या शेजारी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

“पोलिसांनी फोन घेतला का तुझा?”

“नाही, सर.”

“मग तो ओके आत्ताच्या आत्ता काढून टाक. सुपरवायझरच्या फोनवरूनही जातो तो. तू परवानगी दिलीच नव्हतीस, त्यांनी परस्पर भरला, असं सांगायचं. महापालिकेत होतीस, तिथले लोक साक्षीला आहेत.”

“सर, त्यांनी परस्पर नाही भरला.”

“अगं, लायसन गेलं तर या गावात तुला कोण काम देणार आहे? जरा विचार कर.”

फोन बंद झाला. मी म्हटलं, “काढून टाक.”

“आई, मग सुपरवायझर आत जाईल.”

“जाऊ दे. तो माझ्या घरी जेवायला येत नाही.”

“आणि मी सही केली ती?”

“सही काय, मीपण करते पेन्शनच्या कागदावर. काही पडलं का आजवर?”

“तुमच्या सहीवर कोणी घर बांधत नाही, आई.”

तिनं फोन पिशवीत टाकला आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. मी हिसकावून घेईन, असं तिला वाटलं असणार. पण मला त्यातलं काही येत नाही.

समोरच्या बाकावर सेंट्रिंगवाल्याची बायको होती. यवतमाळकडची. साडीवर काँक्रीट वाळून पांढरं पडलं होतं. तिनं मला विचारलं, “माय, ह्या बाई डॉक्टर हायेत का?”

मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, “नाही. मी इंजिनिअर. स्लॅब भरा म्हणून मीच सांगितलं होतं.”

आता ही अंगावर येणार म्हणून मी उठून उभी राहिले. पण ती सुनेला म्हणाली, “मंग तुमीच आत जाऊन इचारा ना. मले कोणी काही सांगत नाही. तुमाले सांगतीन.”

सून गेली. खिडकीशी बराच वेळ बोलली, आतून एका डॉक्टरला बाहेर बोलावलं, आणि परत येऊन त्या बाईला सगळं सांगितलं. पोटात रक्त साचलंय, ते काढतायत. पाय वाईट चिरडलाय. सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. ती बाई ऐकत होती आणि बोटांनी साडीवरचे खडे खरवडत होती.

दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. खोटं कशाला सांगू, मला त्या माणसाची काळजी नव्हती. तो गेला तर माझी सून तुरुंगात जाईल, याची होती. येरवड्यात राहते मी, तुरुंगाची भिंत रोज बघते. भेटीच्या रांगेत बायका डबे घेऊन उभ्या असतात त्याही बघते. मी नुसती दाराकडे बघत होते. मला तिच्या नवऱ्याची काळजी नाही, हे त्या बाईच्या ध्यानात आलं असावं. ती समोरच्या बाकावरून उठली आणि माझ्याकडे न बघता सुनेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

शिफ्ट सुटल्यावर मुलगा धावत आला. पहिलं वाक्य हेच, “मेसेज काढलास का?”

“नाही.”

मग तो माझ्यावर घसरला. “तू काय करत होतीस इथं?”

“तुझी वाट बघत होते. तू सांगून बघ. माझं ऐकत नाही ती.”

त्यानंही सांगून बघितलं. तिनं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं चौकीत फोन स्वतः उघडून हवालदारापुढे ठेवला. त्यानं मेसेज वाचला, पुन्हा वाचला. “मॅडम, हे तुम्ही आपणहून दाखवलंत, असं लिहू ना?”

“लिहा.”

सुपरवायझरला त्यांनी सोडलं नाही, भराव त्यानंच करून घेतला होता. पण परवानगीशिवाय भरल्याचं खोटं त्याच्या माथी बसलं नाही. महापालिकेनं चौकशी होईपर्यंत तिचं लायसन थांबवलं. तिची दुसरी कामं होती तीही गेली. सरांचा पुन्हा फोन नाही. चौकशी अजून चालू आहे, केसही चालू आहे. फोन वाजला की आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघतो.

सेंट्रिंगवाल्याचा डावा पाय मांडीपासून काढला. तो जगला.