एक टिप्पर जास्त

ज्या सोमवारी मडावीभाऊंच्या प्लॉटवर मुरमाचा एक टिप्पर जास्त पडला, त्या सोमवारपासून आमच्या घराचं सगळं बदललं.

बल्लारपूरच्या बाहेर शेतं मोडून ले-आउट पडला होता. बाबा आणि मडावीभाऊ नोकरीतले जुने सोबती. म्हातारपणी रोज संध्याकाळी एका व्हरांड्यात चहा प्यायचा, एवढ्यासाठी दोघांनी लागून प्लॉट घेतले. जमीन काळी आणि सखल, म्हणून दोघांनी मुरमाची सारखीच भर घालायची असं ठरलं होतं.

"काऊन जी मडावी, उंच होऊन राह्यले?" बाबांनी विचारलं.

"आलेला टिप्पर वापस कसा धाडू? पसरवून टाकला."

बाबांनी हद्दीवर बादलीभर पाणी ओतलं. बाबा आणि मी वाकून पाहत राहिलो. (नदीचा उगम मी तोवर फक्त पुस्तकात पाहिला होता.) पाणी जरा थांबलं आणि सरळ आमच्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दोन टिप्पर आले. तिसऱ्या दिवशी मडावीभाऊंनी बादली काढली.

दोन्ही प्लॉट टेकड्यांसारखे दिसू लागले, तेव्हा आई मध्ये पडली. "माह्या गुडघ्यायचा इचार करा. का टोपलीत बसवून वर वढता मले?"

तह झाला. दोन्ही जोती एका पातळीत बांधायची. मडावीभाऊंच्या जोत्यावर खूण होती. पाण्याने भरलेल्या लांब नळीचं एक टोक मी त्या खुणेशी धरायचं, दुसरं बाबा आमच्याकडे वर उचलत नेणार. माझ्या टोकाचं पाणी खुणेला लागलं की मी "बस" म्हणायचं. एवढंच काम. माझ्या दुसऱ्या हातात पुस्तक होतं. परिच्छेद संपवून मी "बस" म्हणाले, तोवर पाणी खुणेच्या वर गेलं होतं.

चूक कळेपर्यंत आमचं जोतं बांधून वाळलं होतं. ते मडावीभाऊंच्या जोत्यापेक्षा एक पायरी उंच झालं.

"पोरीले समोर करून डाव साधला ना?" मडावीभाऊ म्हणाले.

"तिले विचारा! पुस्तकातून डोकं काढलं तर सांगन."

मी काढलं नाही.

घरं झाली. मोहर्लीच्या जंगलात वाघ बघायला पर्यटक मचाणावर चढतात तसे पाहुणे आमच्याकडे चढू लागले. चहा मात्र दोन व्हरांड्यांत होऊ लागला. "झाला का चहा?" बाबा ओरडत. "झाला," इतकंच उत्तर येई. बाबांचा कप बराच वेळ तसाच राही.

मग रस्ता आला. आधी मुरूम, त्यावर गिट्टी, त्यावर डांबर, त्यावर सिमेंट. दर वेळी जुन्यावर नवं, आणि दर वेळी आमची खालची एखादी पायरी गडप. बाबा कुतूहलाने बघत राहत. शेवटच्या थरानंतर मडावीभाऊंचं जोतं रस्त्याला टेकलं. त्या पावसाळ्यात रस्त्याचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. ते डोक्यावर खुर्ची घेऊन आमच्या व्हरांड्यात आले.

"या जी," बाबा म्हणाले. "चहा टाकलाच हाये."

त्यानंतर मडावीभाऊंनी खुर्ची परत नेली नाही. हिवाळ्यात बाबा गेले.

मडावीभाऊ अजून रोज संध्याकाळी येतात. आई चहा देते. चढताना ते माझ्याकडे बघतात. "तुह्या पुस्तकाची पायरी होय वो ही, माय."

बाकीच्या पायऱ्या रस्त्याखाली आहेत. एक उरली आहे.