जाड होत गेलेली फाइल

बोलायच्या आधी ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचे. पुसून झाला की उजव्या हाताचं एकच बोट वर. "एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नये." मग जेवायला सुरुवात. असा एक तरी माणूस तुमच्याही ओळखीत असणार, ज्याच्याशी वाद घालताना डोकं फिरतं आणि तो दोन दिवस दिसला नाही तर करमत नाही.

ड्रेस्डेनच्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडी करत होते, तिथे ते चिपवरच्या पातळ थरांच्या चाचण्या करायचे. पुण्यातली पंधरा वर्षांची नोकरी सोडून पंचेचाळिशीत इथे आलेले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. पहिल्या भेटीत माझं आडनाव ऐकून ते जरा घुटमळले, कारण आमचं आडनाव बऱ्याच जातींत सापडतं. "मूळची कुठली गं तू?" या प्रश्नाचं उत्तर आईने मला लहानपणीच पढवून ठेवलं होतं. तालुका सांगायचा, गाव नाही. मी तालुका सांगितला. सर "छान, छान" म्हणाले आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटात वाढली. त्या चटणीपायी मी त्यांना पुढे बरंच काही माफ केलं.

दर बुधवारी कँटीनमध्ये त्यांचा आणि इमेकाचा वाद रंगायचा. इमेका नायजेरियाचा, माझ्याच गटातला. त्याचा प्रश्न साधा असायचा. "आपल्या फरश्या पुसणारे बघा, सायकलवरून जेवण पोचवणारे बघा, आणि मग वरच्या मजल्यावरची मीटिंग बघा. रंग का बदलतो?"

सर चष्मा पुसायचे. "भाषा, पदवी, इथे येऊन झालेली वर्षं, घरून मिळालेली शिदोरी. हे सगळं आधी वजा कर. मग जे उरेल त्याला भेदभाव म्हण."

"सर, तुम्ही इतकं वजा करता की शेवटी माणूसच उरत नाही."

वाद इंग्रजीत चालायचा, पण अडचणीत आले की सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "सांग गं याला, कष्टाला पर्याय नाही." मी चटणी खात बसायचे. गुणवत्तेवरची भाषणं मी हॉस्टेलात पोटभर ऐकली होती. ती शिदोरीच मुळात रंग बघून, जात बघून वाटली गेली असेल तर ती वजा कशी करायची, हे विचारावंसं वाटायचं. पण ते विचारलं असतं तर गावही सांगावं लागलं असतं, आणि मला ती भीती होती.

त्या वसंतात सरांनी घर शोधायला घेतलं. ते संस्थेच्या गेस्टहाउसमधल्या एका खोलीत राहायचे आणि त्या खोलीची मुदत जुलैअखेर संपत होती. ऑगस्टमध्ये बायको आणि मुलगी यायच्या होत्या. बायकोने शाळेतली नोकरी सोडली होती, तिकिटं काढून झाली होती, लेक फोनवर "गुटन मॉर्गन" म्हणून दाखवायची. आणि घराचा पत्ता नाही तर आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद नाही, आनमेल्डुंग नाही तर मुलीला शाळा नाही.

घरासाठीच्या अर्जाला इथे पगाराच्या पावत्या आणि दोन-चार कागद लागतात. सरांनी आपल्याकडच्या सवयीने फाइल केली. पदव्या, अनुभवाचे दाखले, दहावीच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. मी म्हटलं, "सर, घरमालकाला तुमचे भूमितीचे मार्क कशाला?"

"असू दे. कमी पडायला नको."

नकार आला की ते एक कागद वाढवायचे. तिसऱ्या नकारानंतर जर्मनच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आलं, सातव्यानंतर बायकोचं बी.एड., दहाव्यानंतर लेकीचं स्कॉलरशिपचं प्रशस्तिपत्रक. प्रत्येक वेळी म्हणायचे, "फाइलमध्येच काहीतरी राहतंय." जून उजाडला तशा त्यांच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या आल्या. जेवताना फोन ताटाशेजारी उताणा ठेवलेला. बायकोचा फोन आला की आम्हालाही ऐकू यायचं, "अहो, मिळालं का?" ते "होईल, होईल" म्हणायचे आणि घास तसाच ठेवायचे.

एका गुरुवारी सकाळी पुन्हा नकार आला, दुर्दैवाने घर आधीच गेलं आहे म्हणून. प्रयोगशाळेतली आमची जर्मन सहकारी काट्रिन शेजारीच होती. तिने आपल्या नावाने त्याच जाहिरातीला दोन ओळी लिहिल्या. कागद एकही जोडला नाही. दुपारी उत्तर आलं: शनिवारी घर बघायला जरूर या.

सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला. बोट मात्र वर गेलं नाही. "एकच नमुना आहे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघं ट्रामच्या थांब्यावर उभे होतो. फाइल त्यांनी छातीशी धरली होती.

"इकडे येण्याआधी मी पुण्याचा फ्लॅट भाड्याने द्यायला काढला होता," ते म्हणाले. "एका नर्सबाईंचा फोन आला. बोलणं नीट, नोकरी पक्की. मी आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, अहो, कालच गेला बघा फ्लॅट."

"गेला होता?"

"नाही गं. पुढे दोन महिने रिकामा होता." फाइलबाहेर आलेला एक कागद आत सारत म्हणाले, "हा दुसरा नमुना."

मग मी त्यांना माझं गाव सांगितलं. तालुका नाही, गाव. आणि गावात आमची वस्ती कोणत्या बाजूला आहे, तेही सांगितलं. ट्राम आली, दारं उघडली, मिटली आणि गेली. दोघांपैकी कोणीही चढलं नाही.

"आणि मी इतके बुधवार तुझ्यासमोर बडबडत होतो," ते म्हणाले.

"चटणी चांगली असायची," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

शनिवारी ते काट्रिनबरोबर घर बघून आले. घरमालकीणबाई काट्रिनशी छान बोलल्या. राहणार हे आहेत, असं तिने सांगितल्यावर कळवते म्हणाल्या. त्यांनी कळवलं नाही. जुलै संपला, खोलीची मुदतही संपली. तिकिटं रद्द झाली आणि सर नोकरी सोडून पुण्याला परत गेले. फाइल माझ्या टेबलावर ठेवून गेले.

बुधवारी आता इमेका आणि मी दोघंच असतो. त्यांची खुर्ची आम्ही उगाच कोणाला घेऊ देत नाही.

मध्ये एकदा त्यांचा पुण्याहून फोन आला. नोकरी शोधतो आहे म्हणाले, लेक बरी आहे म्हणाले. मग म्हणाले, "त्या नर्सबाईंना शोधतोय. जुन्या फोनमधले सगळे नंबर लावून बघतोय. पण फोन उचलला की कोण हवंय म्हणून सांगणार? आडनाव तेवढं विचारलं होतं गं. नाव विचारलंच नव्हतं."