बेसिनमध्ये ओतलेलं रक्त

विश्रांतवाडीतल्या एका लॅबमध्ये मी दोन वर्षं टेक्निशियन होते. समोरच्या क्लिनिकचे डॉक्टर चिठ्ठीवर दहा-बारा तपासण्या लिहून पेशंट पाठवायचे. त्यातल्या ज्या खरोखर करायच्या, त्यांच्यापुढे बारीक टिंब असायचं. बाकीचं रक्त बेसिनमध्ये ओतायचं आणि रिपोर्टवर नॉर्मल आकडे टाकायचे, हे मालकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पेशंटच्या पैशांतला वाटा डॉक्टरांना जायचा.

"माणूस बहुतेक धडधाकटच असतो गं. आपण फक्त तसं लिहून देतो," मालक म्हणाले होते. मी मान डोलावली. ओतताना मात्र नळ जोरात सोडायचे.

एका सकाळी माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. शनिवार पेठेतलं घर सोडून त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. पाय सुजले होते, चेहरा उतरला होता.

"तू आहेस होय? सुई तरी योग्य जागी टोच."

चिठ्ठीवर टिंब एकच होतं, हिमोग्लोबिनपुढे. मालक बाहेर गेले होते. मी सगळ्या तपासण्या केल्या. क्रिएटिनिन इतकं वाढलेलं निघालं, की मी पुन्हा लावून पाहिलं. आकडा तोच.

मालक आले. "हे कोणी करायला सांगितलं?"

"बाईंची किडनी बिघडतेय, सर."

"डॉक्टर बघतील. नॉर्मल टाक."

मी खरा रिपोर्ट छापला आणि थेट बाईंच्या घरी गेले. दुसऱ्या डॉक्टरांकडे आजच जा म्हणाले, आणि का ते सगळं सांगितलं.

बाईंनी रिपोर्टची घडी घातली. "माझ्याआधी किती जणांचं ओतलंस?"

"मोजलं नाही, बाई."

"गणितात कच्ची होतीसच." हे म्हणताना त्या हसल्या नाहीत.

बाईंवर वेळेत उपचार झाले. डायलिसिस सध्या तरी टळलं. मी नोकरी सोडली, लेखी तक्रार केली. पोच मिळाली, पुढे काही झालं नाही. काही महिन्यांनी लॅबची पाटी तेवढी बदलली.

आता कात्रजला दुसऱ्या लॅबमध्ये असते. परवा बसस्टॉपवर एक गृहस्थ थांबले. "ओळखलंत? विश्रांतवाडीला माझं रक्त तुम्हीच घेतलं होतंत. सगळं नॉर्मल निघालं."

"पुन्हा तपासून घ्या," मी म्हणाले.

"कशाला? ठणठणीत आहे मी."

तिथेच उभं राहून मी त्यांना कारण सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग पिशवी उचलून निघून गेले.